बीचा चाफा

“चोर!” डॉक्टरबाई बाल्कनीतूनच कडाडल्या. “एकाच इमारतीत राहून चोरी! आणि म्हणे वकील!”

त्यांच्या तळहातावर चाफ्याचं एक ताजं फूल होतं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली करून ते पाहिलं आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

“आपलंच पडलं असेल.”

“आपली सगळी जागच्या जागी आहेत. हे वरून पडलंय. त्या वकिलाच्या गच्चीतून.”

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि संध्याकाळी चाफ्याच्या फांद्या लावायच्या, हा त्यांचा क्रम. पांढरा, पिवळा, लाल, गुलाबी. बाल्कनीत पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. फांदी कापून लगेच लावू नये, चीक आटेपर्यंत सावलीत सुकवावी, हे त्या पेशंटला समजावून सांगत. तोंडात कापूस कोंबलेला तो बिचारा मान डोलवायचा. न डोलवून करतो काय?

पण सगळ्या कुंड्या एकीकडे आणि हा चाफा एकीकडे. मलईच्या रंगाच्या पाकळ्या, कडांना तांबूस झाक, आत पिकल्या जर्दाळूचा रंग. माहेरचं घर विकलं गेलं तेव्हा नव्या मालकाने अंगणातला चाफा मुळासकट काढला. त्याआधी आईने त्याची एक शेंग लेकीच्या हातात दिली होती. त्यातलं एकच बी रुजलं. पुढे आईही गेली.

बीचा चाफा आईसारखा निघेलच असं नाही. प्रत्येक बी आपला रंग घेऊन येतं. म्हणजे हे झाड जगात एकच. तेच फूल दुसरीकडे दिसलं तर कुणीतरी फांदी कापून नेली, हे शेंबडं पोरही सांगेल. येत्या रविवारी फुलांच्या प्रदर्शनात या नव्या जातीची रीतसर नोंद व्हायची होती, आईच्या नावाने. आणि आता कुणीही उठून म्हणणार, हा तर वकिलाकडेही आहे!

“तुम्ही नाही ना दिलीत त्याला फांदी?”

“आपल्या घरातून मी एक पानही बाहेर दिलेलं नाही,” नवरा म्हणाला. “तुझी शपथ.”

हे पटण्यासारखं होतं. नवरा झाडांच्या वाटेलाच जात नसे. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या परगावी राहिल्या होत्या, तेवढीच काय ती त्याने झाडं सांभाळलेली. त्याला बजावून गेल्या होत्या, थंडीत चाफा पानं टाकतो, नुसती काठी उरते, तिला पाणी घालू नका, मुळं कुजतात. परत आल्या तर काठी नव्या कुंडीत उभी. जुनी फुटली, तो म्हणाला. पुढच्याच उन्हाळ्यात त्या काठीला पहिला घोस आला आणि डॉक्टरबाई आईच्या फोटोसमोर बसून पोटभर रडल्या. नवऱ्याने मात्र तेव्हापासून झारीला हात लावला नव्हता. कामाचा कंटाळा, दुसरं काय!

“जाऊ दे ना,” तो आता म्हणाला. “एका फुलावरून कशाला तंटा?”

“एका फुलावरून? माझी आई आहे ती!”

जिन्यात काठीचा आवाज आला. वकील उतरत होते. पाणी ठिबकण्यावरून दोन्ही घरांचं जुनं वाकडं होतं. त्यांच्या दाराची पायरी डॉक्टरबाई कधी चढल्या नव्हत्या. त्यांनी जिन्यातच वाट अडवली.

“हे फूल कुठलं, वकीलसाहेब?”

वकिलांनी फूल पाहिलं. मग डॉक्टरबाईंच्या खांद्यावरून दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

“माझ्या गच्चीतलं. तापाने पडून होतो, वेचायची राहिली.”

“म्हणजे रोज वेचता? मला दिसू नयेत म्हणून?”

“हो.”

“माझ्या झाडाची फांदी चोरलीत तुम्ही!”

आजूबाजूची दारं किलकिली झाली. जन्मभर कोर्टात शब्दाला शब्द भिडवलेला तो माणूस काठीवर रेलून उभा राहिला.

“चोरली,” ते म्हणाले. “गुन्हा कबूल.”

डॉक्टरबाईंचा संताप उलट दुप्पट झाला. भांडायला कंबर कसावी आणि समोरच्याने मान खाली घालावी, ही काय रीत झाली?

“मग झाड परत द्या. आत्ता!”

“झाड नेता नाही यायचं. रविवारपर्यंत सगळी फुलं तोडून टाकतो. तुमच्या फुलाला आईचंच नाव लागेल. कुणाला काही कळणार नाही.”

“उपकार करताय? चोर तो चोर, वर शिरजोर! माझं झाड मीच खाली आणते.”

त्या वकिलांना मागे टाकून जिना चढू लागल्या.

“अगं, थांब! वर जाऊ नकोस!” नवरा ओरडला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा आवाज असा चढलेला त्यांनी ऐकला नव्हता. त्या थांबल्या नाहीत. वकिलांच्या उघड्या दारातून शिरल्या, बैठकीची खोली ओलांडली आणि गच्चीचं दार ढकललं.

गच्चीत एकही कुंडी नव्हती. कोपऱ्यात विटांचा जुना हौद मातीने भरलेला होता आणि त्यात चाफा उभा होता. खोड मांडीएवढं जाड, साल सुरकुतलेली, फांद्या अर्ध्या गच्चीवर पसरलेल्या. मलईच्या रंगाची, तांबूस कडांची फुलं झाडावर आणि खाली सडाच सडा. डॉक्टरबाईंना खोडावरून वय कळत होतं. हे झाड त्यांच्या लेकीपेक्षा मोठं होतं, आईने दिलेल्या शेंगेच्याही आधीचं.

हाताला येईल अशा उंचीवर एका फांदीचं टोक कापलेलं होतं. घाव जुना होता, कडा गोल होऊन भरून आलेल्या.

नवरा धापा टाकत मागे येऊन उभा राहिला.

“त्यांना काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “काठी झाली होती गं तुझ्या चाफ्याची. बघवेना. मी रोज पाणी घालत होतो.”