डोंगरवाटेवरच्या दोघी

टॅबवर धुकं उतरलं होतं, डोंगर निळे होत होत आभाळात विरघळले होते, आणि ती पेनने वाटेवर दोन माणसं काढत होती. एक आई, एक पोर. तिच्या स्वतःच्या डाव्या हाताचं बोट शेजारी उभ्या लेकीच्या मुठीत होतं. दीड वर्षाची झाली तरी लेक बोट सोडून एक पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "चालेल हो, घाई काय!" पण आईचा जीव टांगणीलाच.

चित्रकला शिकवणारी नणंद मागे येऊन उभी राहिली. "अगं वहिनी, ही माणसं आहेत की वारूळ?"

"मायलेकी आहेत. हात धरून चालल्यात."

"इतक्या चिकटल्यात की एकच ठिपका दिसतोय. नाकडोळे नकोत, पावलंही नकोत. मध्ये नुसती केसभर फट सोड, बघ कशा चालायला लागतात."

चित्र मोठं करायला तिने डाव्या हाताची दोन बोटं पडद्यावर टेकवली आणि पेनने मधला रंग हलकेच पुसला. त्या फटीतून धुकं आरपार वाहिलं. धाकटी आकृती सुटी झाली, जणू वाटेने निघालीच. ती भान हरपून बघत राहिली.

"वहिनी," नणंद कुजबुजली, "मागे बघ. पण धावू नकोस हं."

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आपले दोन्ही हात टॅबवर आहेत. लेक खोलीच्या मधोमध होती, कुणाचंच बोट न धरता, डुलत डुलत दाराकडे निघालेली.

आईने आपलेच हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले.