भावोजींचं आर्थिक धोरण

भावोजींना कुणीतरी आवरायला हवं होतं. निवृत्त झालेला माणूस घरच्यांना छळतो, हे जगाला ठाऊक आहे. पण हे गृहस्थ घरच्यांना सोडून वहिनीच्या लाँड्रीतल्या बायकांना छळायचे. दुपारचं जेवण झालं की पेपर काखोटीला मारून इस्त्रीच्या खोलीत यायचे, ऐसपैस बसायचे, की तोंडाचा पट्टा सुरू. बायकांनी देशाची अर्थव्यवस्था कशी बिघडवली, हा त्यांचा आवडता विषय. बायका घराबाहेर पडल्या म्हणून मजुरी उतरली. मजुरी उतरली म्हणून तरणेताठे पुरुष नाक्यावर बसले. सरकारनं बायकांना घरी बसायचा भत्ता द्यावा, की सगळं ताळ्यावर येईल. आणि हे ऐकवायचं कुणाला, तर घामाच्या धारा पुसत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या बायकांना.

वहिनी म्हणजे त्यांची थोरली भावजय. नवऱ्यामागे लाँड्री तिनं एकटीनं उभी केली, आणि कामाला घेतल्या त्या साऱ्या बायकाच. ती त्यांना भावोजी म्हणायची, म्हणून सगळी लाँड्रीच त्यांना भावोजी म्हणे. बायकांनी तिच्याकडे कितीदा गाऱ्हाणं नेलं. ती मान हलवायची आणि म्हणायची, घरचा माणूस आहे, बोलू दे.

भावोजींना मात्र आपलं म्हणणं सगळ्यांना पटतंय याबद्दल तिळभर शंका नव्हती. उलटून कुणी बोलत नव्हतं. मुद्दा जोरकस असला की इस्त्र्या टेबलावर धपाधप आदळत. त्या आवाजाला ते टाळ्या समजत. एकच गोष्ट त्यांना सलत होती. वहिनीनं आजवर कधी 'तुमचं बरोबर आहे' म्हटलं नव्हतं. कचेरीत साहेबानंही कधी म्हटलं नव्हतं, पण साहेबाचं सोडा. वहिनीच्या तोंडून एकदा ते ऐकावं, एवढी एकच हाव म्हातारपणी उरली होती.

मग त्यांना लेकीकडे जावं लागलं. लेकीला बढती मिळालेली, तिच्या मुलीला सांभाळणारी बाई काम सोडून गेलेली, जावई फिरतीवर. भावोजींनी नात सांभाळली. म्हणजे नातीनं त्यांना सांभाळून घेतलं म्हणा. दूध उतू गेलं. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात, तर ती त्यावर लोळण घेई. पेपर मात्र घडी न मोडता तसाच पडून राही. एका संध्याकाळी लेक ऑफिसातून आली, पसारा बघितला आणि सहज म्हणाली, दिवसभर घरीच होतात ना, बाबा?

भावोजींनी विस्कटलेले कपडे पुन्हा पुढ्यात ओढले. हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. जन्मभर ते त्यांनीच वापरलं होतं.

ते परत आले ते वेगळेच होऊन. इस्त्रीच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं, तशा बायकांनी सवयीनं माना खाली घातल्या आणि ओठ आवळले. त्यात त्या दिवशी मोठी घाई. पलीकडच्या रस्त्यावर यंत्रांची नवी लाँड्री उघडली होती आणि इस्पितळानं बजावलं होतं, एकदा जरी उशीर झाला तरी काम तिकडे जाईल. गाडी दारात येऊन उभी होती. आणि भावोजी बोलायला लागले. म्हणाले, देश उभा आहे तो बायकांच्या पायांवर, आणि त्या पायांना घडीभर टेकायची सोय नाही. दुपारची विश्रांती, तीही मजुरी न कापता, हा बाईमाणसाचा हक्क आहे. आर्थिक धोरणाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

पहिल्या टेबलावरच्या काकूंची इस्त्री हवेतच थांबली. मग त्यांनी ती स्टँडवर उभी केली. दुसरीनं केली, तिसरीनं केली. कुणी गाठोड्यावर टेकलं, कुणी पोटऱ्या चोळायला लागलं. एकीनं तर विचारलं, विश्रांती म्हणजे किती वेळ हो, भावोजी? इतक्या प्रेमानं त्यांना इथं कधी कुणी हाक मारली नव्हती. धपाधप आवाज येत नव्हता, तेवढं जरा चुकल्यासारखं वाटलं. पण भाषण असं रंगलं होतं की बाहेर वाजणारा हॉर्नही त्यांच्या कानांवर गेला नाही.

तो वहिनीच्या कानांवर गेला. ती आत आली. डॉक्टरांच्या कोटांचा ढीग तसाच चुरगळलेला, इस्त्र्या उभ्या, बायका बसलेल्या. हे काय चाललंय, तिनं विचारलं.

"भावोजींचं पटलं, मालकीणबाई," काकू म्हणाल्या. "पाय खरंच भरून येतात."

वहिनीनं तोंड उघडलं. अशी सवलत द्यायची म्हटलं तर उद्या बायकांना कामावर कोण ठेवील, हेच तिच्या ओठांवर आलं असणार, भावोजींना खात्री होती. महिन्यापूर्वी त्यांनीच ते या खोलीत ऐकवलं होतं. वहिनीनं बायकांच्या पायांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"तुमचं बरोबर आहे, भावोजी," ती म्हणाली.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. तो पुन्हा नाकावर चढेपर्यंत वहिनी काकूंच्या टेबलापाशी पोचली होती.

"आधीचं सगळं चूक होतं, तेही कळत होतं मला. पण तुम्ही बोलायला लागलात की माझ्या बायकांना असा संताप चढायचा, की गाडी यायच्या आत चादरी तयार. म्हणून तर तुम्हाला बसू दिलं इतकी वर्षं. आता विश्रांती मंजूर, आजपासून, मजुरी न कापता. पण तेवढा वेळ टेबल रिकामं राहून चालायचं नाही. चुकीचं बोलत होतात, तोवर बसून चाललं. बरोबर बोलायचं असेल तर उभ्यानं बोला. ही घ्या इस्त्री. आधी कॉलर."