चिमणीचा अंदाज

गवंडी शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या भुवयांवर काजळी बसली होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"चिमणी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "वरचे तीन-चार थर सुटलेत, तेवढे उतरवून पुन्हा बसवायचे. सांधे भरायचे. आठवड्याचं काम. खर्चही फार नाही."

मुलाचा चेहरा पडला. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ. पण आत खाटेवर म्हातारा होता तोवर या घरात तो मुलगाच होता. बेकरी केव्हाच बंद पडली होती. ज्या धुराने एकेकाळी अख्खी गल्ली जागी व्हायची, तो आता कुणाला आठवतही नव्हता. मागच्या अंगणात भट्टी थंड पडली होती, आणि तिच्या डोक्यावर विटांची चिमणी तेवढी आभाळाला टेकून उभी होती.

"नीट पाहिलंत ना?"

"एकेक वीट ठोकून पाहिली, साहेब. नासकी वीट बद्द बोलते. या सगळ्या गातायत."

"मग त्यांना गप्प करा," सून दारातूनच म्हणाली.

तेवढ्यात आतून आवाज आला. अर्धं तोंड लुळं पडलेल्या माणसाचा, शब्द फरपटत आणणारा. "चि…मणी… चिमणी…"

"ऐकलंत?" मुलगा म्हणाला. "उठता-बसता हेच. वाचा गेली, नजर गेली, हिचं नाव तेवढं राहिलं."

"त्यांनीच उभी केली असेल. जीव असायचाच."

"आमच्यापेक्षा जास्त," सून म्हणाली. "हागणं-मुतणं काढायचं आम्ही, आणि जीव तिच्यावर! परवा तर खुणेने सांगत होते, सगळं तिलाच लावा म्हणून."

"तू आत जा बघू," मुलगा म्हणाला आणि गवंड्याला भट्टीच्या आडोशाला घेऊन गेला.

"हे बघा मिस्त्री, मला घर विकायचंय. गिऱ्हाईक ताटकळलंय. पण चिमणी आहे तोवर बाबा कागदावर अंगठा उठवायचे नाहीत. तुम्ही आत येऊन एवढंच सांगायचं, चिमणी गेली."

"अहो, पण चांगली आहे ती."

"घेणारा सगळं पाडणारच आहे. पाडकाम तुम्हाला, विटाही तुमच्या. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. परक्याचं ऐकतील."

गवंड्याने मान वर करून पाहिलं. असल्या विटा आता कोणी भाजत नव्हतं. त्याच्या घरी एक भिंत अर्ध्यावर अडली होती. नवऱ्याने टाकलेली लेक परत आली होती, तिच्यासाठी काढलेली खोली. पोर सध्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी अंग मुडपून झोपायची.

"बरं," तो म्हणाला.

"फक्त तेवढंच हं. विटा, सांधे, भेगा, असलं काही काढू नका. त्यांचा जीव घाबरा होतो. हत्यारं बाहेर ठेवा. आणि तोंड धुऊन या आधी, ती काजळी नको."

खोलीत औषधाचा आणि ओल्या चादरीचा वास होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. पावलं ऐकून तो डोळे दाराकडे वळवायचा, आणि पाऊल ओळखलं की पुन्हा मिटून घ्यायचा.

मुलगा त्याच्या कानाशी वाकला. "बाबा, हे तिकडून आलेत. स्वतः बघून आलेत."

म्हाताऱ्याचे डोळे उघडले. धड असलेला हात हवेत चाचपडला आणि गवंड्याच्या मनगटाशी येऊन थांबला.

"चि…मणी?"

गवंडी खाकरला. एकच तर वाक्य होतं. "चिमणी गेली, बाबा."

मनगटावरची पकड आवळली. "क…धी?"

याचं उत्तर ठरलं नव्हतं. गवंड्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

"मागच्या वादळात."

"जवळ… कोणी…?"

विटा कोसळून कुणाला लागलं का, असं विचारत असणार. गवंड्याला भरून आलं. एवढ्या दुखण्यात माणसाला दुसऱ्याची काळजी! तो मायेने म्हणाला, "नाही बाबा. जवळ कोणी कोणी नव्हतं."

म्हाताऱ्याच्या घशातून एक आवाज निघाला, रिकाम्या भट्टीत वारा शिरावा तसा. मग पकड सुटली. बोटं एकेक करून उलगडली, आणि हात चादरीवर पडून राहिला.

सून कागद आणि शाईचं पॅड घेऊन उभीच होती. मुलाने तो हात उचलला, अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला. म्हाताऱ्याने कशाचा कागद, हेही विचारलं नाही. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

अंगणात येऊन गवंड्याने थापी आणि टेप पिशवीत टाकली. खोटं बोललो तर बोललो, त्याने मनाशी म्हटलं, विटांना कुठे दुखतंय? लेकीची खोली उभी राहील.

फाटकापाशी एक बाई उभी होती. चपला धुळीने माखलेल्या, हातात कापडी पिशवी. कडीला हात लावायची आणि काढून घ्यायची.

"भाऊ, आतून आलात? आत म्हातारे गृहस्थ आहेत, ते कसे आहेत हो? मला दारातूनच परत लावतात."

गवंड्याला लवकर निघायचं होतं. "बरे आहेत. शांत पडलेत आता. इतके दिवस 'चिमणी, चिमणी' असा एकच धोशा लावला होता म्हणे. आज थांबला एकदाचा."

बाईच्या हातातली पिशवी खाली घसरली. तिचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांनीच ती हसली.

"म्हणजे बाबा अजून मला चिमणीच म्हणतात?"