झेंड्याचं पिंप

राष्ट्रगीत संपायच्या आतच गेटवर टँकरचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही. माना ताठ, हात मांडीला चिकटलेले, पण नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या त्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांचे डोळे गेटकडे. चार दिवसांनी पाणी आलं होतं.

जयजयकार झाला आणि सुनंदा धावतच सुटली. आज तिच्या क्षितिजाचा साखरपुडा. एक मेची सुट्टी साधून मुलाकडची माणसं दुपारी येणार होती आणि घरात उरलं होतं अर्धं पातेलं पाणी. त्यात चहा करायचा, स्वयंपाक करायचा, की पाहुण्यांच्या हातावर घालायचं? मुलाच्या आईने फोनवर मुद्दाम विचारलं होतं, "तुमच्या नालासोपाऱ्यात पाण्याचे फार हाल म्हणे? माझ्या मुलाने सासुरवाडीला येऊन हंडे वाहायचे का?" "छे हो, कुठलं काय!" सुनंदाने दडपून सांगून टाकलं होतं.

टँकरवाला पाइप ओढत आला आणि त्याने कपाळावर हात मारला. खालच्या टाकीच्या झाकणावरच झेंडा उभा! अख्ख्या आवारात तेवढाच एक पक्का चौथरा. चेअरमन दिनानाथरावांनी त्यावर घरचं निळं पिंप ठेवून त्याला झेंड्याचा खांब तारेने आवळला होता. पिंपाला तिरंगी कागद, वर झेंडूची रास. वाऱ्याने खांब पडू नये म्हणून आत गच्च रेती भरलीय, स्वतः सातिवलीहून आणलीय, हे त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

"पिंप सरकवा की," टँकरवाला म्हणाला.

"हात लावायचा नाही!" दिनानाथराव कडाडले. "सूर्यास्ताच्या आधी झेंडा उतरत नाही."

"उतरवायला कोन सांगतंय?" तळमजल्यावरचा वॉल्टर म्हणाला. "फडकत ठेवूनच बाजूला घेऊ ना. पानी दारात आलंय, साहेब."

"जागेवरून हलवणं म्हणजे अपमान! मी असेपर्यंत नाही चालणार." बोलताना त्यांना दरदरून घाम फुटला होता. लोकांना वाटलं, उन्हाचा असेल. मे महिनाच तो.

"बघा बुवा. मी चाललो पुढच्या बिल्डिंगला," म्हणत टँकरवाला पाइप गुंडाळायला लागला.

सुनंदाने दिनानाथरावांपुढे हात जोडले. "भाऊ, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे हो."

"आणि हा देशाचा प्रश्न आहे, वहिनी."

मागचा टँकर आला तेव्हाही कोणी त्यांना जाब विचारला नव्हता. अर्ध्या तासात नळ कोरडे पडले, आणि टँकर अर्धाच आला होता असं दिनानाथरावांनी सांगून टाकलं. टाकीची किल्ली त्यांच्याकडे, मोटरचं बटण त्यांच्याकडे. कोण वाकड्यात शिरणार?

टँकरचं इंजिन सुरू झालं. मुलाच्या आईचा तो आवाज सुनंदाच्या कानात घुमायला लागला. तिने जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचला.

"वॉल्टर, तुम्ही खांब धरा. झेंडा जराही खाली यायला नको."

"वहिनी, सांगून ठेवतो!" दिनानाथराव पिंपाला पाठ लावून उभे राहिले. तोवर शेजारच्या दोघीतिघी पुढे झाल्या. त्यांनी चेअरमनना चक्क हाताला धरून बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदाच. सगळ्यांनी मिळून जोर लावला. पिंप जरासं कललं, झेंडूची फुलं घरंगळली आणि वर झेंडा डौलात फडफडला.

आणि आतून आवाज आला. डुबुक. डुबुक.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. टँकरवाल्यानेही इंजिन बंद केलं. दिनानाथराव झेंड्याकडे बघत राहिले, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

सुनंदाने पिंपावरचा हात काढला नाही. शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमची रेती हिंदकळतेय."