वर्तमानपत्रावरचा वॉली

"डोळ्याला परत हात लावलास ना?" डेसनं विचारलं. नोरीननं कुंचला पाठीमागे लपवला, पण बोटं रंगलेलीच होती.

ऑस्ट्रेलियातल्या व्हायाला गावात, चर्चमागच्या हॉलमध्ये डेसचा तैलचित्रांचा वर्ग भरायचा. नोरीन गेलेल्या नवऱ्याचं, वॉलीचं, चित्र काढायला शिकत होती. शेजारी त्याचा फोटो चिकटवलेला. नाक, हनुवटी, भांग, सगळं फोटोबरहुकूम. तरी चेहरा परका वाटायचा, म्हणून ती रंगावर रंग चढवायची. पावावर लोणी थापावं तसा वॉलीच्या गालावर थर साचला होता.

"छान जमलाय की," वर्गातली तिची मैत्रीण जॉयस म्हणाली. "जिवंतपणी कुठे एवढा देखणा होता?"

"फोटोसारखा झालाय, वॉलीसारखा नाही." नोरीन म्हणाली. "मी त्याला विसरत चाललेय गं."

डेस वर्तमानपत्राचं एक पान घेऊन आला.

"एवढ्या ओल्या रंगावर पुढे काही होत नाही. कागद दाबून वरचा थर उचलू."

"पुसतोस त्याला?"

"पुसत नाही, बाई. खाली आकार राहतो. जरा श्वास घेऊ दे त्याला."

तो तळहातानं कागद दाबत होता तेव्हा नोरीन चहाच्या किटलीकडे बघत राहिली. मग त्यानं पान सोलून काढलं आणि चुरगाळणार, तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

फुटबॉलच्या निकालांवर वॉली उमटला होता. भांग दुसऱ्या बाजूला, वाकडं नाक दुसरीकडे वळलेलं.

"छापा उलटाच येतो," डेस म्हणाला.

"उलटा कसला? हाच तो."

लग्नाआधी ती बंदरापाशी एका सलूनमध्ये लोकांचे केस कापायची. वॉली खुर्चीत, ती मागे, बोलणं सगळं आरशातून. कानापाशी कात्री चालू असताना आरशात बघूनच त्यानं लग्नाचं विचारलं होतं. पुढे घरीही त्याचे केस तिनंच कापले, न्हाणीघरातल्या आरशासमोर, शेवटपर्यंत.

नोरीननं फोटो काढून पिशवीत टाकला. त्याच्या जागी वर्तमानपत्र चिकटवलं, कोरा कॅनव्हास घेतला आणि खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"हलू नकोस," ती कागदाला म्हणाली. "मान जरा खाली घे."