मणी भिंतीच्या पलीकडून

माझी लेक कुन्झेस दोन वर्षांची होत आली, तरी अजून 'आमा', म्हणजे आई, एवढाही शब्द बोलत नव्हती. म्हणून लेहचा राजवाडा आणि गोंपा बघून झाल्यावर मीच धाकट्या बहिणीला, यांगडोलला म्हटलं, मणी भिंतीलाही फेरी घालू.

मंत्र कोरलेल्या दगडांची ती भिंत कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं. यांगडोल चंदीगडला शिकून आलेली. कुन्झेसला पाठीशी बांधून ती फोटोसाठी खुशाल दुसऱ्या बाजूने निघाली.

"उलटं जाऊ नकोस गं."

"आचे, एवढी शिकलीस तरी आजीसारखी घाबरतेस. टोकाला भेटू."

भिंत डोक्याहून उंच होती. मी भराभर चालू लागले. जरा वेळाने पलीकडून स्वच्छ हाक आली, "आमा."

माझे पाय थबकले. "यांगडोल, ती बोलली?"

"बोलली ना," पलीकडे यांगडोल हसली. "चल लवकर."

"आमा, आमा." आवाज माझ्या पावलांबरोबर पुढे सरकत होता. मी रडत रडत ओ देत होते.

"आचे, थांब की." हे मात्र मागून आलं.

वळून पाहिलं, तर यांगडोल माझ्याच बाजूने धापा टाकत येत होती. "तू म्हणालीस म्हणून लगेच परत फिरले. केव्हाची हाका मारतेय. बोलतेयस कुणाशी?"

मी तिच्या पाठीवरून कुन्झेसला ओढून छातीशी धरलं.

पलीकडून हाक आली, "कुन्झेस." आवाज माझाच होता.

माझ्या कडेवरून कुन्झेसने भिंतीकडे दोन्ही हात पसरले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आमा."