वाट्याला आलेलं

वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर पन्नाशीतल्या वर्षाराणीने भावांना हक्कसोडपत्र लिहून दिलं. शेतातलं ढेकूळसुद्धा मागितलं नाही. वर्षभराने एका पहाटे तिच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. चादर टेकली तरी जीव जाई.

"मुरगळला असंल, चोळून देतो," नवरा म्हणाला.

"हात नका लावू! अण्णाबी असंच चोळत बसले. बोटं वाकडी झाल्यावर कळलं, युरिक अ‍ॅसिड हाय म्हणून."

लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "गाऊटच आहे, युरिक अ‍ॅसिडचा संधिवात. वेळेत आलात. घरात कुणाला होता?"

"अण्णांना."

"मग त्यांच्याकडूनच आलाय."

अंगठ्याकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"दुखणं दिलं अन् वळखायलाबी शिकवून गेले," ती म्हणाली. "भावांना बिचाऱ्यांना नुसती जमीनच मिळाली."